सोयरिकीचा शोधनिबंध

आपल्या शोधनिबंधाचा दुसऱ्या कोणी त्याच्या निबंधात उल्लेख केला, की त्याला सायटेशन म्हणतात. सरांकडे मदतनीस म्हणून लागले त्या दिवशी त्यांनी चहा विचारायच्या आधी मला हे सांगितलं. चहा नंतरही विचारला नाही, ते सोडा. सर क्लिनिकल सायकॉलॉजीचे संशोधक. मूळचे पुण्याचे, नोकरीने आमच्या मेहकरच्या कॉलेजात आणून टाकलेले. आमच्याकडची माणसं सकाळी उठून पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, एक चक्कर मारून येतात, बोंडं किती धरली ते पाहायला. सर उठून मोबाइलवर सायटेशन पाहत. एखादं वाढलेलं असलं की कॉलेजात येताना शिट्टी वाजवत येत. बरं, त्यांच्या जुन्या निबंधांचा सगळ्यात जास्त उल्लेख कोणी केला म्हणाल, तर तो त्यांनी स्वतःच, त्यांच्या नव्या निबंधांत.

मी तेव्हा नुकतीच एम.ए. झालेली, बिनलग्नाची आणि तासाच्या हिशेबावर शिकवणारी. बाबा पंचायत समितीतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कायमच्या जागेच्या मुलाखतीत बरा निबंध नावावर असला तर वजन पडतं, असं सगळे सांगत. सर म्हणाले, माहिती तू गोळा कर, लेखक म्हणून दुसरं नाव तुझं. मी हुरळले. आता खोटं कशाला बोलू?

ते दिवस बीटी कपाशीचे. बीटी आली तेव्हा बोंडअळी गेली म्हणून पेढे वाटलेले लोक आता बोंड फोडून आतली गुलाबी अळी एकमेकांना दाखवत होते. आमच्या जिल्ह्यात एकवेळ टँकर यायचा नाही, पण पाहणी करणारं पथक आल्यावाचून आठवडा जात नव्हता. कोणी माती नेई, कोणी फोटो नेई. सर म्हणाले, "सगळे पिकावर लिहितायत. आपण मनावर लिहू." कापूस पिकवणाऱ्या तरुणांच्या मनाची अवस्था, हा विषय ठरला.

प्रश्नावली सरांनी केली. पहिला प्रश्न होता, "गेल्या पंधरवड्यात आपणांस दैनंदिन कार्यांविषयी अनास्था जाणवली काय?" मी तो मेहकरच्या बसस्टँडवर एका म्हाताऱ्याला विचारून पाहिला. त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि सरकून बाकावर जागा दिली. त्याला वाटलं, पोरीला चक्कर येऊन राह्यली. मग मी सगळे प्रश्न वऱ्हाडीत उतरवले. कामात मन लागते का? झोप बराबर येते का? जेवन जाते का? काही व्यसन? घरात कोनाले डोक्याचा तरास? सरांना ते गावंढळ वाटलं, पण चालवून घेतलं.

पद्धतीच्या बाबतीत मात्र सर फार काटेकोर. ज्या घरात शेती करणारा तरणा मुलगा आहे तेवढीच घरं निवडायची. अनोळखी गावात एकटी जाऊ नको, सोबत कोणी वडीलधारं घे. प्रत्येक घरी सुरुवातीलाच सांगायचं, की तुम्ही सांगाल ते आमच्याजवळ राहील, बाहेर जाणार नाही. आणि घरच्यांनी सांगितलेलं खरं आहे का, ते शेजाऱ्यांना विचारून ताडून पाहायचं. याला ते त्रयस्थ पडताळणी म्हणत.

मी बाबांना घेतलं, स्कूटर काढली आणि हिवरा आश्रमाच्या पुढचं एक गाव गाठलं. पांढरी टोपी घातलेले बाबा बाजेवर बसत आणि गप्पा काढत. विहिरीला पाणी किती, कपाशी कोणती लावली, वाटण्या झाल्या का, घर स्वतःचं का. रिकामा माणूस, दुसरं काय बोलणार? मी कागद काढून प्रश्न विचारत असे. पहिल्या घरी नुसता चहा मिळाला. दुसऱ्या घरी पोहे, वर शेंगदाणे. तिसऱ्या घरी आम्ही पोचायच्या आधीच अंगण सारवलेलं होतं, धुतलेली मोटारसायकल मधोमध उभी होती आणि घडीच्या रेघा न मोडलेला नवा शर्ट घालून पोरगा तिच्या शेजारी. मी टिपणात लिहिलं, लोक अत्यंत सहकार्यशील आहेत.

मुलाखत एकांतात घ्यावी, असा सरांचा आणखी एक नियम होता. तरण्या पोराची तरण्या पोरीने एकांतात घ्यायची! गाव त्यावर नुसतं हसलं. पोराच्या दोन्ही बाजूंना त्याची आई, काकू, आजी बसत आणि उत्तरं त्याच देत. पोरगा नुसता मान हलवून हाव म्हणायला. झोप? "डोकं टेकलं का घोरते." व्यसन? "सुपारीचं खांड नाई." राग? "गायीवानी पोरगं हाय व बाई." शेजाऱ्यांकडे पडताळणीला गेले तर शेजारी दोन पावलं पुढे. म्हणे, असं पोरगं पंचक्रोशीत नाही.

देवळाच्या मागच्या घरी एक विधवा मावशी होत्या, एकुलत्या मुलासोबत राहणाऱ्या. त्यांनी मला हाताला धरून चुलीपर्यंत नेलं, धान्याच्या कोठ्या दाखवल्या, आणि मुलाबद्दल म्हणाल्या, "दिसभर राबते, दोन भाकरी जास्तच खाते. एकदम बेस हाय." मुलगा भिंतीला टेकून स्वतःच्या पायांकडे पाहत होता. लाजतो आहे, असं मला वाटलं. मी कागदावर सगळीकडे उत्तम लिहिलं.

आकडे मांडले तर त्या गावात उदास असं कोणी नव्हतंच. मी सरांना म्हटलं, "सर, आमच्या घरात एवढी शांतता नाही, यांच्या गावभर कुठून आली?"

"तुझं घर नमुन्यात नाही," सर म्हणाले. "डेटा बोलतोय, तू ऐक."

निबंध परदेशातल्या नियतकालिकात छापून आला. कापूसपट्ट्यातल्या तरुणांचं मन म्हणे अभेद्य आहे. सगळे एक बोलत असताना आमचा निबंध भलतंच बोलत होता, त्यामुळे सायटेशन धो धो आली. निम्मे म्हणत वा, निम्मे म्हणत असं कसं होईल. पण मोजणारं यंत्र शिवी आणि ओवी सारखीच मोजतं. सर रोज शिट्टी वाजवत येऊ लागले.

अशात एका बाजाराच्या दिवशी त्या देवळामागच्या मावशी आमच्या घरी आल्या. पत्ता विचारत विचारत आलेल्या. पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा, एक नारळ आणि ब्लाउजपीस. आईने पाणी दिलं. ते न पिताच त्यांनी मला विचारलं, "निरोप काऊन नाई धाडला व बाई?"

"कसला निरोप, मावशी?"

"पसंत नसन तं नाई म्हना ना! बापाले घेऊन आल्या, पोरगं पाह्यलं, घरदार पाह्यलं, शेजाऱ्याइले विचारलं, सारं लिवून नेलं. गावातले सारे वाट पाहून राह्यले. कोनाचं जमलं थे तरी सांगा."

बाबांच्या हातातला चहा बशीत सांडला. ते जे हसत सुटले ते थांबेनात, आणि मीही हसले. अरे देवा! त्या वर्षांत शेती करणाऱ्या पोराला कोणी मुलगी देत नव्हतं, सगळ्यांना नोकरीवाला हवा. मुलीकडची माणसं गावात येऊन चौकशी करतात म्हणजे केवढी गोष्ट! तरण्या मुलाचंच घर निवडायचं, टोपीवाला बाप सोबत आणायचा, व्यसन आणि डोक्याचा त्रास विचारायचा, गुप्त ठेवू म्हणायचं, वर शेजाऱ्यांकडून खातरी करून घ्यायची. सरांनी शास्त्र म्हणून जे जे केलं, ते आमच्याकडे सोयरिकीच्या चौकशीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं. आणि अशा चौकशीत दुसऱ्याच्या पोराचं वाईट सांगून जमणारं लग्न मोडायचं पाप कोणता शेजारी करेल? काही घरांत तर मुलगी म्हणजे मीच असं ठरलं होतं. आता पोरी स्वतःच पाहायला येतात, एवढंच त्यांना नवं वाटलं होतं. आणि मी, मेहकरात जन्मलेली शहाणी, पोहे खाऊन परत आले होते.

आम्ही हसत होतो आणि मावशी हसत नव्हत्या, हे आधी आईच्या लक्षात आलं. तिने बाबांना डोळ्यांनी दटावलं.

"म्हंजे तुमी लग्नासाठी नाई आल्त्या?" मावशींनी विचारलं.

"नाही मावशी. लोकांच्या मनाला काही दुखणं आहे का, ते पाहायला आले होते."

त्यांनी उघड्या दारातून रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दार लावा."

दार लावल्यावर त्यांनी जे सांगितलं, ते ऐकताना मला माझ्या हसण्याची लाज वाटली. पोरगा सकाळी उठत नव्हता. वेचणीचा कापूस तसाच शेतात. ताट पुढे केलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. कोणाशी बोलणं नाही. आम्ही गेलो होतो त्या दिवशी त्याला उठवून, अंघोळ घालून, शर्ट त्यांनीच अंगात चढवला होता. "परवा इहिरीच्या काठावर बसेल दिसला," त्या म्हणाल्या. "म्या हाक मारली. म्हने, पानी किती हाय थे पाहून राह्यलो. इहिरीत पानीच नाई व माय."

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा दर मंगळवारी मनाच्या आजाराच्या डॉक्टर येत असत. पुढच्याच मंगळवारी त्याला तिथे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं. चांगलं व्हायला वेळ लागला, पण तो ताटावर बसू लागला, मग शेतात जाऊ लागला. मावशींनी गावात सांगितलं, दाढ दुखते. इतके मंगळवार दुखणारी दाढ सगळ्या जगात नसेल, पण गावाने ती मान्य केली. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, याचे मंगळवार चुकू देऊ नका. मध्येच सोडलं तर हा परत विहिरीवर जाऊन बसेल.

मी सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. "याला लेखी पुरावा?" ते म्हणाले.

"सर, अख्ख्या गावाने मला नवरी समजून उत्तरं दिली. याचा लेखी पुरावा काय देऊ, लग्नपत्रिका?"

निबंध तसाच राहिला, सायटेशन वाढत राहिली. एक दिवस मात्र सर जिना चढून धापा टाकत आले आणि एक कागद माझ्यापुढे धरला. "पॉलिसी इम्पॅक्ट!" ते म्हणाले. जिल्ह्याच्या एका साहेबाने आमच्या निबंधाचा हवाला दिला होता. मी वाचलं. या भागातल्या तरुणांचं मानसिक आरोग्य उत्तम असल्याचं संशोधनाने सिद्ध झालं असल्यामुळे मंगळवारची सेवा इथून उठवून दुसरीकडे नेण्याचा विचार आहे, त्याआधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल, असं त्यात होतं.

माझं डोकं फिरलं. "सर, जन्मात पहिल्यांदा तुमचा निबंध कोणाच्या तरी उपयोगी पडला, आणि तो दवाखाना बंद करायला! करा साजरं!" मी असं बोलायला नको होतं, सर शेवटी सर. पण बोलले, आणि आजही मागे घेत नाही. सर खुर्चीत बसले. त्यांनी कागद पुन्हा वाचला. माणूस वाईट नव्हता हो, फक्त त्याच्या नजरेला मोबाइलपलीकडचं दिसत नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाले, "गावातल्या एका माणसाने जरी सांगितलं की उत्तरं खोटी होती, तर मी उभा राहून माझा निबंध चूक म्हणेन. कोणीच सांगितलं नाही तर मी काय म्हणू?"

एक माणूस कुठून आणणार? खोटं सांगितलं म्हणायचं, म्हणजे आमच्या घरात दुखणं आहे असं चारचौघांत कबूल करायचं. मग त्या घरात मुलगी कोण देणार? मावशींना मी फक्त साहेबांच्या बैठकीचं कळवलं, आग्रह केला नाही. त्यांच्या मुलाचं तेव्हा खरोखरीचं जमत आलं होतं. लोणारकडची मुलगी, मध्यस्थ त्यांचे धाकटे दीर. सगळं पसंत होतं, लग्नाची बोलणी तेवढी व्हायची बाकी. मावशी म्हणाल्या, "दवाखाना गेला तं माह्या पोराचं कसं होईन?" मी म्हटलं, बुलढाण्याला जावं लागेल. वेचणीच्या दिवसांत, दर आठवड्याला, दाढेच्या नावाखाली, तेही तो तयार झाला तर. आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, तो जायचा नाही.

दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये सगळे जमले. साहेब मधोमध, सर पहिल्या रांगेत, मी भिंतीशी. गावातली बरीच माणसं आली होती, मावशींचे दीरही आलेले. साहेबांनी विचारलं, "तुमच्या गावात कोणाला मनाचा काही त्रास आहे का? मोकळेपणाने सांगा." मोकळेपणाने म्हणे! भरल्या हॉलात, एकमेकांच्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर! एकेक जण उठून सांगू लागला, नाई साहेब, आमचं गाव चांगलं हाय. आमच्याकडं तसलं काही नाई. साहेबांच्या शेजारचा क्लार्क भराभर लिहून घेत होता. सर मान खाली घालून बसले होते.

मावशी मागून उठल्या. पदर डोक्यावर ओढला, आणि साहेबांकडे न पाहता दिराकडे पाहून बोलल्या. "भाऊजी, तुमीबी आइका. या बाईले म्या खोटं सांगतलं होतं. माह्या पोराले मनाचा आजार हाय. दाढ नाई दुखत त्याची. दर मंगळवारी अथीच आनते म्या त्याले."

"वयनी, खाली बसा," दीर दबक्या आवाजात म्हणाले.

"नाई बसत. लगन मोडलं तं मोडू द्या. बिनलग्नाचं पोरगं म्या पाहीन जलमभर. साहेब, पोरगंच नाई राह्यलं तं म्या काय पाहू?"

हॉलमधलं दुसरं कोणी उठलं नाही. मग सर उभे राहिले आणि त्यांच्या स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाले, की निबंध माझा आहे, तो चुकीचा आहे, आणि तसं मी लिहून देतो. साहेबांनी क्लार्कला आधीचं खोडायला सांगितलं. मंगळवारचा दवाखाना तिथेच राहिला. मावशींचे दीर चहाला न थांबता निघून गेले, आणि लोणारकडून नकार आला तो त्याच आठवड्यात.

सरांनी खरंच दुरुस्ती छापून आणली. तिचा उल्लेख आजवर कोणी केलेला नाही. चुकीच्या निबंधाचा मात्र लोक अजूनही करतात. माझ्या निबंधांच्या यादीतून मी तो काढून टाकला, आणि कायमची जागा दुसऱ्याला मिळाली. त्याचा राग मला अजून येतो, मी काही संत नाही.

बैठकीनंतरच्या मंगळवारी मी दवाखान्यात गेले तर मुलगा बाहेरच्या बाकावर नंबर लागायची वाट पाहत बसला होता. लग्न मोडलं त्याचं वाईट वाटलं, असं काहीतरी मी पुटपुटले.

"लग्नाचं वाईट वाटलं थोडं," तो म्हणाला. "पन आई बोलली थे बरं झालं. पयले थेच साऱ्याइले सांगे, पोरगं एकदम बेस हाय. गाववालेबी तेच सांगत. तुमीबी तेच लिवलं. मले वाटे, हे बेस पोरगं दुसरंच कोनी हाय, अन् मी उगाच त्याच्या जागेवर बसून राह्यलो. आपुन उठून गेलो तं थो येईन."